पूजेतलं पिस्तूल

खंडेनवमीला लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि ते पिस्तूल पाटावर मांडलं, की झेंडूत मिसळलेला तेलाचा वास मला अमेरिकेतल्या अर्विंगच्या त्या बंदुकांच्या दुकानात नेतो.

शेजारी घरफोडी झाली होती, म्हणून पिस्तुलाचा हट्ट मीच धरला होता. दुकानदाराने नवऱ्याला बजावलं, "हे कॅलिबर फारसं कोणी घेत नाही, म्हणून डिस्काउंट आहे. गोळ्या सहज मिळणार नाहीत, मागवाव्या लागतील."

"मग हेच द्या," नवरा म्हणाला.

गाडीपाशी मी भडकले. "डिस्काउंट दिसलं की काहीही उचलतोस यार!" तो मागच्या सीटवर वाकून आमच्या लेकीचा, मीराचा बेल्ट लावत राहिला.

गोळ्या त्याने कधीच मागवल्या नाहीत. मी आळशी म्हणत राहिले. यंदा पिस्तुलाला कुंकू लावताना आठवलं, ते घेतलं तेव्हा मीरा तीन वर्षांची होती आणि घरातलं प्रत्येक कपाट उघडायची.