मुद्देमालातली अंडी

होटगीच्या त्या अंड्यांचा विषय निघाला की आजही माझा आवाज आपोआप खाली येतो. नोकरीत मी चढ्या आवाजासाठी ओळखला जायचो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

सत्तरच्या दशकातला एक उन्हाळा. सोलापूरजवळच्या एका पोलीस ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. भर दुपारी होटगीहून एक इसम सायकल हाणत आला. बारशाच्या जेवणात पंगतीच्या पंगतीला उलट्या सुरू झाल्या होत्या. बाळाची आजी फारच खालावली होती, तिला सिव्हिल हॉस्पिटलात हलवलं होतं. आणि शेजारच्या तारबाबूनं कढीत पालीचं विष कालवलं, अशी त्याची खबर होती.

"त्यो पाली पाळतो सायेब. त्येंची अंडी उबवतो. कढी वाढायला पुढं हुता, पन सोता घास बी खाल्ला न्हाई."

तारबाबू म्हणजे होटगी स्टेशनातला तारेचा कारकून. पन्नाशीचा, एकटा, गावात भाड्यानं राहणारा. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या दारात गर्दी होती आणि एकाच्या हातात रॉकेलचा डबा होता. आत जाळीच्या पेटीत दोन पाली. हळदीच्या रंगाच्या, अंगभर तपकिरी ठिपके, शेपूट मुळ्यासारखं जाड. माळावर दगडाखाली सापडणारी ही पाल नुसती फुंकली तरी माणूस मरतो, असं आमच्याकडे सगळे मानायचे. घरातली पाल कधी डोळे मिटत नाही. यातल्या एकीनं माझ्याकडे बघत सावकाश पापण्या मिटल्या आणि उघडल्या. चोर-दरोडेखोरांपुढं न हललेला मी, चक्क मागं सरलो.

कोपऱ्यात एक मडकं होतं. त्यात चाळलेली ओलसर वाळू आणि वाळूत दोन पांढरी अंडी. गर्दीला हे सगळं जाळायचं होतं. मी पंचनामा करून पेटी आणि मडकं मुद्देमाल म्हणून जप्त केलं. एकदा मुद्देमाल झाला की त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

अटक झालेला माणूस पहिल्यांदा काय विचारतो, याकडे मी नेहमी कान देतो. बहुतेक जण जामिनाचं विचारतात, काही घरी कळवलं का ते. लॉकअपच्या गजांमागून तारबाबूनं विचारलं, "साहेब, मडकं जीपमधून आणताना कलंडलं नाही ना?"

मी त्याला दरडावलं. आजी गेली तर तीनशे दोन लागेल, फासावर जाशील, जेवला का नाहीस ते सांग. तो म्हणाला, "वाळू सुकली असती. उन्हाळ्यात दुपारी पाणी शिंपडावं लागतं. वाढून झालं आणि पळालो." असलं कारण मी उभ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा फिरवून विचारलं. उत्तर तेच, आणि नजर मडक्यावर.

मग त्यानं सांगितलं ते मी तपासाचा भाग म्हणून ऐकायला बसलो आणि बसूनच राहिलो. नर-मादीची जोडी जमवायलाच त्याचे दोन उन्हाळे गेले होते. पहिली अंडी त्यानं कोंबडीसारखी रोज फिरवली, सगळी मेली. पालीचं अंडं घातल्यापासून फिरवायचं नसतं, आतला जीव वरच्या बाजूला चिकटलेला असतो. म्हणून आता प्रत्येक अंड्यावर वरच्या अंगाला पेन्सिलीचा ठिपका. पुढची अंडी जास्त पाण्यानं बुरशी येऊन गेली. इतके दिवस टिकलेली ही पहिलीच.

"पण करता कशाला हे?" मी विचारलं. नकळत मी अहो-जाहोवर आलो होतो.

"फुटताना कुणी पाहिलंय साहेब? मला बघायचंय."

मडकं मी लॉकअपच्या समोरच्या भिंतीशी, त्याला दिसेल असं ठेवलं. आमचे हवालदार आधी त्या बाजूनं जायलाच तयार नव्हते. "लई इखारी जात हाय सायेब," म्हणायचे. आठवडाभरात तेच हवालदार आत तारबाबूंना विचारून विचारून पाणी शिंपडत होते, आणि दार आपटणाऱ्या शिपायाला झापत होते.

गुन्हा उलगडला तो सिव्हिलमध्ये. आजी शुद्धीवर आली तसा मी जबाब घ्यायला गेलो. कढी कशी लागली, विचारलं. ती म्हणाली, "कळकली हुती बाबा. पन पोरीनं हौसेनं केल्याली, म्हनून गप प्याले."

कळकली. माझी आई हा शब्द वापरायची, कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आंबट राहिलं की. मी तडक होटगी गाठली. कढीचं भलंमोठं पितळी पातेलं आतूनबाहेरून झळकत होतं. ते घासलं होतं टेंभुर्णीहून आलेल्या बाळाच्या आत्यानं. बारशात आत्याचा मान मोठा, नाव तीच ठेवते.

"व्हय की, म्याच घासलं," ती अभिमानानं म्हणाली. "चिंच आन् इटंची भुकटी लावून. आतनं लई पांढुरकं हुतं, समदं काढलं. सोन्यावानी झालं."

ते पांढुरकं म्हणजेच कल्हई. आंबट ताकाची कढी सकाळपासून पंगत उठेपर्यंत त्याच पातेल्यात होती. काय झालं ते सांगितल्यावर ती मटकन खालीच बसली. पुढं रासायनिक तपासणीतही पितळेतलं तांबंच निघालं, दुसरं कसलं विष नाही. आजी वाचली. आत्यावर मी गुन्हा नोंदवला नाही. त्यात गुन्हा नव्हताच.

तारबाबूंच्या सुटकेचे कागद झाले त्या सकाळी ते गजांबाहेर आले आणि मडक्यापाशीच थबकले. अंड्यांना दवासारखा घाम सुटला होता. "आज," ते पुटपुटले. सुटलेला आरोपी ठाण्यातून जायला तयार नाही, असं माझ्याकडे एकदाच घडलं. आम्ही सगळे भिंतीशी उकिडवे बसलो. फोन खणाणला तो हवालदारांनी नुसता उचलून बाजूला ठेवला.

एका अंड्याला बारीक चीर पडली. तीतून एक नाक आलं, मग थांबलं, दमल्यासारखं. मग डोकं, मग सगळं अंग एकदम. बोटाएवढं पिल्लू, आईबापांसारखं ठिपक्यांचं नव्हे, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं. ते वाळूवर उभं राहिलं आणि त्यानं पहिल्यांदाच डोळे मिटून उघडले. मी प्रेतं पाहिली होती, जन्म असा समोर कधी पाहिला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला आणि डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तेवढ्यात दारात आत्या आली. माफी मागायला टेंभुर्णीहून पहिल्या एसटीनं निघाली होती. हुंदके देत ती तारबाबूंच्या पायाशी वाकली. "दादा, माज्यामुळं तुमाला..."

पुरावा हाती येईपर्यंत संशयिताचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, एवढं मी या प्रकरणात शिकलो. पण ठाण्यात माफी मागणारे आणि ती नाकारणारे मी ढिगानं पाहिले. तारबाबूंसारखी माफी देणारा दुसरा पाहिला नाही. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. हात धरून तिला शेजारी बसवलं आणि मडक्याकडे बोट केलं.

"हळू बोला, ताई. दुसरं अजून फुटायचंय."