गाडीखाली कोण जाईल

२०२३ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. शिक्षण चौथी, पण फौजेत ड्रायव्हर होतो आणि हवालदार होऊन घरी आलो. तामसीत राहतो. गाडी जुनी आहे, पण माझी आहे. त्या पावसाळ्यात ती इंजिनातून तेल गाळत होती.

आदिलाबादच्या मेकॅनिकनं आधी वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. मग खालच्या चेंबरचं. मग क्रँकचं ऑइल सील. ऑइल फिल्टर तर त्यानंच पावसाळ्याआधी नवा टाकला होता. तेल गळतच राहिलं. मी म्हटलं, "अरे, टपकते तिथूनच गळते असं नसते. वरून ओघळून येते. इंजिन धू, कोरडं कर, ओघळ दिसायला पावडर मार, अन् खाली जाऊन पाह्य."

तो म्हणाला, "फौजीसाब, तुमीच जा ना खाली."

मी गेलो नाही.

विठ्ठल माझा दोस्त, बोथच्या बाजूचा. आमच्याच युनिटमध्ये लान्सनायक. पहाडात कॉन्व्हॉय चालला होता, माझ्या ट्रकचं तेल गळायला लागलं. वायरलेसवर ऑर्डर आली, "गाडी साइड करो. कॉन्व्हॉय रुकेगा नहीं. ओव्हर." मी उतरत होतो. विठ्ठल म्हणाला, "तू रेस दे. मी पाह्यतो खालून." वरून दगड सुटले. ट्रक एका अंगाला दबला. मी केबिनमध्ये होतो, तो खाली. पुढं नोकरी पूर्ण केली, पण गाडीखाली पुन्हा शिरलो नाही. तेवढं काम दुसऱ्याला देत आलो.

पितृपक्षात आमच्याकडं मेलेल्या माणसाच्या जागी एकजण पाटावर बसून जेवतो. त्याला पितर म्हणतात. विठ्ठलचा पितर मी. मी जेवल्याशिवाय त्याची बायको, म्हणजे वहिनी, घास घेत नाही. तिला शुगर आहे.

त्याच्या तिथीच्या सकाळी वहिनीच्या गावी निघताना बायको म्हणाली, "बसनं जाऊ."

"ड्रायव्हर बसनं जाईल काय?"

नेरडीगोंड्याच्या अलीकडे ऑइलचा लाल दिवा लागला. बोनेट उघडलं. जळक्या तेलाचा वास, सगळं ओलं.

"खाली वाकून तरी पाहा," बायको म्हणाली.

"तू गप्प बस."

डब्यातलं तेल ओतलं. थोडं चाललो, पुन्हा दिवा. इंजिन थंड होऊ दिलं, पुन्हा ओतलं. मेकॅनिकला शिव्या दिल्या, गाडीला दिल्या. डबा संपला, पंपावरून दुसरा आणला. वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, कुठंसाक आले?"

"रस्त्यात आहो. तुमी जेवून घ्या."

"पितराच्या आधी? कायचं बोलून राह्यले तुमी!"

पोचलो तेव्हा दिवस कलला होता. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. घामानं कपाळ भिजलेलं. म्हणाली, "तुमचे दोस्त पाटावर कवाचे येऊन बसले. तुमीच लेट."

मी पाटावर बसलो, भराभर जेवलो. मग तिनं ताट घेतलं. पहिला घास हातातून ताटातच पडला. बायकोनं तिला आपल्या हातानं भरवलं. माझ्याकडं दोघींपैकी कोणी पाहिलं नाही. रात्री आम्ही तिथंच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीपुढं पोतं अंथरलं. चाकांना दगड लावले.

वहिनी बाहेर आली. "वर कोण उभं राहील?"

"तुमी राहा."

ती बोनेटवर हात ठेवून उभी राहिली. मी पाठीवर पडून आत सरकलो. चिंधीनं पुसत पुसत वर गेलो. पॅकिंग कोरडं, सील कोरडं. तेल फिल्टरच्या बुडातून येत होतं. फिल्टर फिरवून काढला. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती, नवी तिच्यावरच बसवलेली. दोन रिंगांत तेल थांबत नाही. जुनी नखानं सोलून काढली, जागा पुसली, फिल्टर हातानंच घट्ट केला.

काम संपलं होतं. तरी मी तिथंच पडून राहिलो. गाडीचं पोट पाहत होतो. विठ्ठलनं शेवटचं हेच पाहिलं असेल.

"सापडलं काय, भाऊजी?"

"सापडलं," मी म्हटलं. "जरा उभ्याच राहा."