कात्रीची वेळजुळी

माझ्या धाकट्या बहिणीला सगळे कात्री म्हणत. ती इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत बसून चादरी शिवायची, हे एक कारण. तिची जीभ, हे खरं कारण. मोठे डॉक्टर एकदा म्हणाले, "बाई, माझ्या कोटाचं बटण सारखं तुटतं." ही म्हणाली, "पोट आत घ्या, बटण राहील."

अशा कात्रीचं लग्न झालं नाही. नाही नाही, होऊ दिलं नाही! ठरलं होतं, मुलगा भला होता, दोघांची मनं जुळली होती. पत्रिकावाले काका आले, कुंडली डोळ्यांशी धरली आणि म्हणाले, "ही नवऱ्याला खाईल." झालं. पुढे जो येईल तो दारातूनच परत. आज लिहितानाही तळपायाची आग मस्तकात जाते. खाईल म्हणे! पुड्यातलं शेवटचं बिस्किट दुसऱ्याच्या बशीत सरकवणारी माझी बहीण!

बऱ्याच वर्षांनी विद्यापीठातून संख्याशास्त्राची एक मुलगी इस्पितळात आली. एकाच गावात, पाच मिनिटांच्या आत जन्मलेल्या माणसांच्या जोड्या ती शोधत होती. वेळजुळी म्हणायची त्यांना. ग्रह आयुष्य ठरवत असतील तर या जोड्या एकमेकांसारख्या निघायला हव्यात, एवढा सरळ हिशोब. शिक्षण, लग्न, मुलं, आजार, सगळं खोदून खोदून विचारायची. कात्रीची वेळजुळी निघाली बाजारातली बेकरीवाली. कुंडली घरन् घर तीच. पण बेकरीवालीला तीन मुलं, आणि नवरा धडधाकट, पिठानं भुवयांपर्यंत पांढरा!

"मग काय निघालं गं शेवटी?" कात्रीनं विचारलं.

"शेकडो जोड्या तपासल्या, मावशी. रस्त्यावरची कुठलीही दोन माणसं उचला, त्यांच्यात असतं तेवढंच साम्य यांच्यात. कणभरही जास्त नाही."

मला वाटलं, कात्री हसेल. तिनं हातातली कोरी चादर टर्रकन फाडली.

त्याच सुमारास माझ्या लेकीचं जमत आलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला. आणि मुलाच्या आईला कुणाचा सल्ला घ्यावासा वाटला? त्याच काकांचा! "मुलगी आत्याच्याच वळणावर, नवऱ्याला जड," असा त्यांचा निकाल. ते आम्हाला समजावून सांगायला बाई मुलाला आणि काकांना घेऊन घरी आल्या. कात्रीला कुणकुण लागली होतीच. तिनं बेकरीवालीला आणि तिच्या नवऱ्याला आधीच आणून बसवलं होतं.

कात्री म्हणाली, "काका, आधी ही पत्रिका बघा. नाव मात्र विचारायचं नाही."

काकांनी चष्मा पुसला. मान हलवली. "अरेरे! लग्नाला वर्ष व्हायच्या आत ही बाई विधवा."

बेकरीवालीनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "ऐकलंत? आणि तुम्ही खुशाल चहा पिताय!"

"मला कुणी कळवलंच नाही गं," तो म्हणाला.

मी हसून हसून खोकलो. काका लालेलाल. "वेळ दोन-तीन मिनिटं चुकली असेल."

"तेवढ्यात आमचा पावसुद्धा फुगत नाही, काका. नवरा मरतो होय?" बेकरीवाली म्हणाली.

"हे पाहा, ग्रह नुसता कल दाखवतात. सक्ती करत नाहीत."

कात्री उठली. आवाज चढला नव्हता, म्हणून मलाच भीती वाटली.

"ग्रहांनी सक्ती केली नाही? मग माझ्यावर कुणी केली? या खोलीत तुमच्याशिवाय दुसरं कोण बोललं होतं तेव्हा?"

काका उठून चपला शोधू लागले. मुलाची आई म्हणाली, "ते सगळं खरं असेल हो, पण जिवाला घोर कशाला? चल रे." मुलगा बूट घालायला वाकला.

लेक दारातच उभी होती. "बुटाची नाडी बांधलीस तर परत सोडायला इथे येऊ नकोस," ती म्हणाली.

तो तसाच वाकलेला. मग त्यानं मान वर करून कात्रीकडे पाहिलं आणि बूट बाजूला सारला.

"आई, तू हो पुढे. मला अजून चहा हवाय."

मी आनंदानं ओतला तो अर्धा बशीत, अर्धा त्याच्या पँटवर! कात्री मात्र जिन्याच्या तोंडाशी गेली होती. खाली उतरणाऱ्या काकांना ओरडून सांगत होती, "माफी मागायची राहिली, काका! ऐकताय ना? माफी राहिली!"

काका थांबले नाहीत. कठड्याला धरून भराभर उतरत गेले.