दसऱ्याचं ओलं कुंकू

जवसाच्या तेलाचा वास आला की नॉटिंगहॅममधले शेजारचे आजोबा आठवतात. वीसेक वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला मी हौसेने त्यांच्या दोन्ही शिकारी बंदुकांना ओलं हळदकुंकू लावलं होतं आणि 'लगेच पुसायचं नसतं' असंही बजावलं होतं. चार दिवसांनी त्यांनी हाक मारली. नव्याकोऱ्या बंदुकीच्या नळीवर माझ्या बोटाएवढा गंज चढला होता. दुसरी, त्यांच्या वडिलांची जुनी बंदूक मात्र पुसल्यावर तशीच काळीभोर. मी ओशाळून सॉरी म्हणालो. "तुझी चूक नाही," जुनीच्या लाकडी दस्त्याला जवसाचं तेल चोळत ते म्हणाले, "कारागिराने हिची नळी मुद्दाम गंजवली, घासली, पुन्हा गंजवली, पार काळी होईपर्यंत. तो काळा थरच आता नवा गंज अडवतो. आता एवढा वेळ कोण देतं?" हल्ली दसऱ्याला मी लॅपटॉपला कोरडं कुंकू लावतो, हात मात्र मनातून त्या जुन्या नळीला जोडलेले असतात.