मावशी ‘न्हाई’ म्हणायला शिकतात

सरकारी अर्ज नामंजूर झाला की कचेरीच्या चकरा सुरू होतात, आणि चकरा सुरू झाल्या की किस्से आपोआप साचतात! मिरजगावात हायवेला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पोलिओने माझा एक पाय लहानपणीच निकामी केला. माझी अपंग पेन्शन आधी नामंजूर झाली, मग अपील करून मिळाली. तेव्हापासून ज्याचा अर्ज नामंजूर होतो तो माझ्याच दुकानात येऊन बसतो. बायको आम्हाला ‘अपील मंडळ’ म्हणते. सगळ्यांचा चहा तिलाच करावा लागतो, तेव्हा नाव ठेवायचा हक्कही तिचाच!

*

माझ्या अपिलाची सुनावणी वरच्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. मी कुबडी बाजूला ठेवून जिन्याशी बसून राहिलो. शेवटी साहेबच वैतागून खाली आले.

“अहो, केव्हापासून नाव पुकारतोय. वर का आला नाहीत?”

“साहेब, जिना चढता आला असता तर अपील कशाला केलं असतं?”

साहेब हसले आणि तिथेच पायरीवर बसले. माझी सुनावणी जिन्यातच उरकली!

*

रघुनाना आमच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, पण जीभ भलतीच तिखट. त्यांच्या अर्जाची चौकशी करायला गेलो, तर क्लार्क मान वर न करताच म्हणाला, “निकाल बोर्डावर लावलाय, वाचून घ्या.”

नाना म्हणाले, “वाचतो की! फकस्त डोळं द्या जरा उसनं!”

क्लार्क बिचारा ओशाळला. उठून नानांचा हात धरून बोर्डापाशी घेऊन गेला आणि सगळी यादी वाचून दाखवली. आता नाना कचेरीत गेले की तो आधी खुर्ची देतो.

*

पण आमची खरी केस म्हणजे सुंदरमावशी. विधवा बाई, दरवर्षी ऊसतोडीला जाणारी. एका हंगामात ट्रेलरच्या फाळक्यात उजवा हात सापडला, तेव्हापासून बोटं वळत नाहीत. यंदा नात दहावीला. पेन्शन मिळाली तर मावशी तिच्यासोबत घरी राहणार, नाहीतर पुन्हा तोडीवर जाणार आणि पोरगी घरी एकटी. आणि मावशींचा अर्ज नामंजूर! तपासणीत अपंगत्वाची टक्केवारीच कमी लागलेली.

“डॉक्टरांनी काय विचारलं होतं?” मी म्हणालो.

“मूठ वळती का, वजन उचलतं का, सैपाक जमतो का.”

“मग?”

“म्हनलं, व्हय, समदं जमतंय!”

नानांनी कपाळावर हात मारला. पण मावशींचंही खरं होतं. टोळी भरणारा मुकादम दरवर्षी विचारतो, “जमंल का?” न्हाई म्हणाली ती बाई टोळीतून बाद. त्यामुळे खुर्चीवरच्या माणसाने काहीही विचारलं की मावशींचं उत्तर ठरलेलं!

*

अपील टाकलं आणि दुकानात तालीम सुरू झाली. नाना झाले डॉक्टर.

“बाई, येनी घालता येती का?”

“व्हय, नातीची रोज घालते की!”

“कशी घालता?”

“एक पेड दातात धरते.”

“आगं मावशे, हेच सांगायचं! आधी म्हनायचं न्हाई जमत, मंग सांगायचं कसं करता ते.”

“ते कशाला सांगायचं? काम झाल्याशी मतलब!”

तिसऱ्या दिवशी कुठे गाडी रुळावर आली. आली ती इतकी, की बायकोने विचारलं, “मावशी, चहा घेणार का?” तर मावशी ताडकन म्हणाल्या, “न्हाई जमत!”

मग स्वतःच हसल्या आणि कप घेतला.

*

फेरतपासणीला नगरला गेलो, तेव्हा मी दाराशी होतो. डॉक्टरबाई नव्या होत्या. त्यांनी विचारलं, “मूठ वळते का?”

मावशींनी उजवा हात पदराखाली ओढून घेतला. मग बारीक आवाजात म्हणाल्या, “न्हाई जमत.” आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू? एवढी कष्टाची बाई, तिला ते दोन शब्द फार जड गेले.

“मग घरची कामं?”

मावशींनी पदराचं टोक दातात धरलं, डाव्या हाताने त्याची गाठ मारून दाखवली. डॉक्टरबाईंनी त्यांचा हात हातात घेऊन एकेक बोट हलवून पाहिलं.

“मागच्या वेळी हे का नाही सांगितलं?”

“जमतं का इचारलं, जमतं म्हनलं. कसं जमतं ते कुनी इचारलंच न्हाई!”

पेन्शन मंजूर झाली. मंडळाला पेढे मिळाले.

*

दसऱ्याच्या आधी आम्ही सगळे दुकानात बसलो होतो. मुकादमाची मोटरसायकल दारात थांबली. त्याने गाडीवरूनच हाक मारली, “काय मावशे, टोळी भरतोय. औंदा जमंल ना?”

नानांनी कान टवकारले.

मावशींनी पदर नीट केला. “न्हाई जमत!”

मुकादमाने गाडी बंद केली. “कोन म्हनतं? डाक्टर?”

“डाक्टर कशाला? मी म्हनते!”

आणि आत वळून माझ्या बायकोला म्हणाल्या, “सुमे, चहा टाक गं. चहा जमंल!”