घड्याळावरचा मुलामा

शेजारच्या गृहस्थांनी नगरच्या कॅम्पातल्या एका लिलावात फ्रेंच घड्याळ घेतलं. पितळेवर सोन्याचा मुलामा, वर वीणा घेतलेली बाई. आल्यागेल्याला दाखवताना ते काच रुमालानं पुसत. दसऱ्याला भांडी घासायला निघाली, तेव्हा नळावर बसून त्यांनी त्या बाईलाही चिंच-राखेनं घासलं. मी ओट्यावरून पाहत होतो. तिच्या गालावरचं सोनं गेलं, पितळ उघडं पडलं.

आता ते पाहुण्यांना सांगतात, "हिनं चिंच लावली. बायकांना काय कळतंय?"

वहिनी चहा ठेवत म्हणतात, "व्हय, माझंच चुकलं."

कालही तेच झालं. वहिनींनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घालून बशीत चहा ओतला आणि घड्याळ दोन मिनिटं मागं आहे, एवढंच बोललो.