किटलीतला पॉलिशचा वास

माठ विकत घेताना आमच्या घरी दोन गोष्टी करायची पद्धत होती. बोटाच्या पेराने तो वाजवून बघायचा, आणि आत थोडं पाणी ओतून, तोंडाशी नाक नेऊन वास घ्यायचा. आई हे करायची, म्हणून मीही करते. ऑकलंडच्या उत्तरेकडे, अल्बनीतल्या एका चिनी चहाच्या दुकानात मी हेच करायला गेले, तेही मुठीत मावेल एवढ्या मातीच्या किटलीला.

उत्तरेकडचा बसवे, म्हणजे फक्त बससाठीचा रस्ता, तेव्हा नुकताच सुरू झाला होता. नवरा सकाळी बसने शहरातल्या ऑफिसला जायचा आणि मी रसायनशास्त्रातली एमएस्सी उराशी धरून घरात पडदे धुवत बसायचे. जिथे अर्ज करावा तिथून ‘लोकल एक्स्पीरियन्स’ नाही म्हणून नकार यायचा. मग दिवसाला एकदा डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, दूध आणायच्या निमित्ताने बाहेर पडायचे आणि शेजारच्या चहाच्या दुकानात उगाच डोकवायचे.

दुकानाचे मालक सत्तरीचे चिनी गृहस्थ होते. चहाच्या डोंगरातल्या एका गावात जन्मलेले, न्यूझीलंडमध्ये येऊन तीस वर्षं झालेले. मी किटली वाजवली तेव्हा ते काउंटरमागून उठून आले.

“हे कोणी शिकवलं तुला?”

“आईने. पाण्याचा माठ घेताना.”

त्यांनी किटलीत गरम पाणी ओतलं आणि ती माझ्यापुढे धरली. “काय वास येतो?”

“कोऱ्या मातीचा. दुसरं काही नाही.”

“उद्यापासून कामाला येशील?” त्यांनी विचारलं. मी इतक्या घाईने हो म्हटलं की माझी मलाच लाज वाटली.

मी त्यांना सर म्हणायचे. “मी तुझा सर नाही,” असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले आणि नंतरही कितीदा तरी म्हणाले. मी ते विनयात जमा केलं. आपल्याकडचे मोठे लोक नाही का, पाया पडू देत नाहीत पण पाय मागेही घेत नाहीत!

तिकडचा वसंतातला चहा इकडे पोचेपर्यंत ऑकलंडचा ओला हिवाळा सुरू झालेला असायचा. चंदेरी पाकिटांतून नमुने यायचे. त्यातला कुठला मागवायचा हे सर ठरवत. मी पाणी उकळायचे, चहा ओतायचे आणि ते विचारायचे, “काय वास येतो?” मी सांगेन ते वहीत चिनीत लिहून घ्यायचे. भाजलेले शेंगदाणे. तांदळाची पेज. एकदा मी भिजलेलं गोणपाट म्हणाले आणि त्यांना ते कळेना, तर दुसऱ्या दिवशी सँडरिंगहॅमच्या भारतीय वाण्याकडून रिकामं पोतं मागून आणलं आणि भिजवून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाकून बराच वेळ नाक लावलं आणि गंभीरपणे मान डोलावली. मला आपण प्रॅक्टिकलला पूर्ण मार्क मिळवल्यासारखं वाटलं.

आता माझी खोड सांगते. मी कायम पहिल्या बाकावरची मुलगी. आमच्याकडे तोंडी परीक्षेत उत्तर पुस्तकात नसतं, परीक्षकाच्या चेहऱ्यावर असतं. भुवई वर गेली की शब्द फिरवायचा, मान हलली की तोच धागा पुढे ओढायचा. या विद्येवर मी एमएस्सीपर्यंत आले होते. सरांच्या चेहऱ्याकडे बघून वास सांगणं मला मुळीच अवघड गेलं नाही. त्यांचे डोळे लकाकले की मी गोड शब्द काढायचे, कपाळाला आठी दिसली की कडू.

त्या हिवाळ्यात चीनमधल्या एका व्यापाऱ्याकडून एक जुनी किटली आली. आमचे एक गिऱ्हाईक, निवृत्त डॉक्टर, कित्येक वर्षं सरांना सांगत होते की मला एक खरी जुनी किटली मिळवून द्या, तुम्ही म्हणाल ती डोळे मिटून घेईन. सरांनी तिचं झाकण फिरवून पाहिलं. गार पाणी भरून ओतताना झाकणावरचं भोक बोटाने दाबलं तर तोटीतलं पाणी थांबलं. घडण चोख होती. अनेक वर्षं चहा मुरल्यावर येते तशी गडद चमक अंगावर होती. मग त्यांनी उकळतं पाणी ओतून ती माझ्याकडे सरकवली.

वास आला तो बूट पॉलिशचा. रविवारी सकाळी वर्तमानपत्र पसरून बाबा ऑफिसचे बूट चमकवायचे, तो अगदी तसाच. मी मान वर केली. सर किटलीकडे असे बघत होते की दुसरं काही बोलायला माझी जीभ उचलेना.

“जुन्या चहाचा,” मी म्हणाले. “छान, खोल मुरलेला.”

सरांनी किटली डॉक्टरांना दिली. आठवड्याभरात डॉक्टर ती परत घेऊन आले. आवाज चढवला नाही, उलट तेच ओशाळले होते. “गरम झाली की पॉलिशचा वास येतो. नवीच किटली पॉलिश चोळून जुनी केलेली दिसते. तुमच्या लक्षात आलं नसेल,” एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले. तीस वर्षांत सरांच्या शब्दावर घेतलेली वस्तू कोणी परत आणली नव्हती.

सर किटली हातात धरून बसून राहिले. मला राहवलं नाही. “सर, मला वास आला होता.”

“कधी?”

“त्याच दिवशी. मला वाटलं तुम्ही माझी परीक्षा घेताय. तुमच्या चेहऱ्यावरून वाटलं की उत्तर ‘जुनी’ असंच आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“मी परीक्षा घेत नव्हतो,” ते म्हणाले. “दोन हिवाळ्यांपूर्वी, तू यायच्या आधी, मला मोठा फ्लू झाला. तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. मी तुला विचारत होतो.”

मला ते भिजलेलं पोतं आठवलं, त्यावर वाकलेलं त्यांचं डोकं आठवलं, आणि मी मागे चहाच्या खोक्यांमध्ये जाऊन रडले. लाज वाटत होती. त्याहून जास्त भीती वाटत होती, की आता हा माणूस मला पुन्हा काही विचारणार नाही, आणि मी नाही तर मग तो विचारणार कोणाला?

पुढच्या सोमवारी नेहमीसारखी गेले. टेबलावर नमुन्यांचं शेवटचं पाकीट राहिलं होतं. ते सरांच्या गावच्या डोंगरावरचं, त्यांच्या चुलतभावाच्या मळ्यातलं होतं. तो चहा ते दर वर्षी घेत आणि गिऱ्हाइकांना तो त्यांच्याच नावाने ठाऊक होता. मी पाणी उकळलं. सरांनी आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला फक्त त्यांची पाठ आणि विरळ पांढरे केस दिसत होते.

“सांग आता,” ते म्हणाले.

मी वास घेतला. भाजताना करपवलेला होता, आणि खाली ओल लागलेल्या पोत्याचा दर्प.

“करपलाय,” मी म्हणाले. “आणि भिजलेलं गोणपाट.”

“त्याखाली काही? आमच्या चहाला शेवटी फुलांचा वास असतो. नीट बघ.”

मी पुन्हा पेला उचलला. फुलं म्हणायचा फार मोह झाला. त्या पाठीकडे बघून काहीच कळत नव्हतं.

“नाही सर. फुलं नाहीत.”

मग त्यांनी मागे न वळता हात लांब केला. मी तो पेला त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी भिंतीकडे बघत तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.